नमुन्यावरील खुणा कापडावर उतरविणे : पद्धती आणि परिभाषा

शिवणकामात कापणे आणि शिवणे या दोन क्रियांच्या मध्ये एक तिसरी क्रिया येते. ती इतक्या झटपट उरकली जाते की, तिला स्वतंत्र नाव असावे असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. कागदावर काढलेल्या नमुन्यात केवळ तुकड्यांचे आकार नसतात. शिवण कोठून जावी, कापड कोठे दुमडावे, चुण्या कोठून कोठवर घ्याव्यात, कोणती कड कोणत्या कडेला जुळवावी, काज कोठे आणि बटण कोठे, ही सारी माहिती त्यावर रेघांनी, ठिपक्यांनी आणि बाणांनी नोंदलेली असते. कापड कापून कागद बाजूला केला की, आकार तेवढा कापडाला मिळतो. माहिती मात्र कागदाबरोबर निघून जाते. ती जाऊ नये म्हणून कात्री खाली ठेवण्यापूर्वी कागदावरील खुणा कापडावर न्याव्या लागतात. ही क्रिया कशी चालते, कापडाच्या जातीप्रमाणे तिच्या रीती का बदलतात, आणि तिच्याविषयी मराठीत बोलावयाचे झाल्यास कोणते शब्द हाताशी आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने सुईदोऱ्याच्या प्रांतात का शिरावे, अशी शंका कोणी घेईल. परंतु खूण म्हणजे काय, तिला अर्थ कशामुळे येतो आणि एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठावर जाताना तिचे काय होते, हे प्रश्न आमच्याच शास्त्राचे आहेत.

या विवेचनासाठी मनोरी हे गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. मालाडच्या पश्चिमेस मार्वे येथून तरीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. पुढे गोराई व उत्तन ही गावे असून उत्तनवरून भाईंदरकडे रस्ता जातो. मुंबई महानगराचा भाग असूनही खाडीमुळे थोडा अलग राहिलेला हा किनारा. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती ही येथील जुनी वस्ती. ईस्ट इंडियन हे नाव त्या समाजाने १८८७ साली घेतले. त्यांची मातृभाषा मराठीच. वसईचा प्रांत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. त्या दोन शतकांनी येथे धर्म आणला, तसेच शिवलेल्या कपड्याची एक निराळी परंपराही आणली. परिणामी या समाजात वस्त्राच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एकीकडे नऊवारी लुगडे आणि चोळी, जी आता बव्हंशी सणासमारंभापुरती उरली आहेत. दुसरीकडे पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक आणि नवरीचा पांढरा गाऊन. पहिल्या रीतीत कागदाच्या नमुन्याचे काम पडत नाही. दुसरीत त्यावाचून सहसा भागत नाही. खुणांचा प्रश्न नीट समजण्यासाठी हा शेजार उपयोगी पडतो.

आधी जुन्या रीतीकडे पाहू. लुगड्याला शिवण नाही, तेव्हा त्याला खुणाही नाहीत. चोळीला शिवण आहे, परंतु ती खणातून बेतली जाते. ‘बेतणे’ हे क्रियापद नीट पारखून घ्यावे असे आहे. त्यात माप घेणे, कापड किती आहे हे पाहणे, कोणता तुकडा कोठून निघेल हे मनाशी ठरविणे आणि कापणे या चारही गोष्टी एकवटलेल्या आहेत. ‘बेत करणे’, ‘बेताची परिस्थिती’, ‘जिवावर बेतणे’ हे प्रयोग आपण दररोज करतो. ‘कापड बेतणे’ हा प्रयोग मात्र शिवणाऱ्यांच्या तोंडीच अधिक राहिला आहे. चोळी बेतणारी बाई खणाची घडी घालते. घडीची रेघ हीच मध्यरेघ होते. काठ बाहीच्या टोकाला यावयाचा असल्यामुळे काठ ही दुसरी खूण होते. बाकीच्या खुणा नखाने दाबून, चिमटीने मोडून किंवा नुसत्या बोटांच्या मापाने होतात. नमुना आणि कापड ही दोन निराळी पृष्ठे येथे नाहीतच, म्हणून उतरविण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. सुताराने फळीवर रेघ ओढावी तशी ही रेघ पहिल्यापासून जागेवरच असते. पुरुषांच्या बाराबंदीत बंदांच्या जोड्या समोरासमोर याव्या लागत. त्यांच्या जागाही अशाच घडीवरून आणि बोटांवरून ठरत असाव्यात. शिंप्याच्या दुकानात आजही अनेक कारागीर ब्लाउज थेट कापडावरच आखतात. छातीचे माप घेतात, त्याचा चौथा हिस्सा करतात, आणि गळा, मुंढा, कंबर यांच्या रेघा खडूने कापडावर ओढतात. त्यांच्या दृष्टीने कागद म्हणजे शिकाऊ माणसाची काठी होय.

कागदी नमुन्याचा इतिहास याहून अर्वाचीन आहे. निरनिराळ्या मापांत तयार केलेले नमुने विकण्याचा व्यवसाय एबेनेझर बटरिक या शिंप्याने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८६३ मध्ये सुरू केला. ते नमुने पातळ कागदाचे असत आणि त्यांवर छपाई मुळीच नसे. जी काही माहिती द्यावयाची ती कागदाला पाडलेल्या लहानमोठ्या भोकांनी आणि कडेवरील खाचांनी दिलेली असे. कोणते भोक कशाचे, हे सोबतच्या पत्रकावरून ताडून पाहावे लागे. रेघा व शब्द छापलेले नमुने १९२० च्या सुमारास प्रचारात येऊ लागले. जर्मनीतील ‘बुर्डा’ मासिकाने १९५२ पासून एकाच मोठ्या कागदावर अनेक नमुने एकमेकांवर छापून देण्याची प्रथा पाडली. त्यातील आपल्या मापाची रेघ शोधून ती प्रथम दुसऱ्या कागदावर काढावी लागते आणि मग कापडावर न्यावी लागते. म्हणजे खूण दोनदा उतरते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

नमुन्यावरील खुणांचे वर्गीकरण शिवणकामाच्या पुस्तकांत बहुधा आकारावरून केलेले असते: रेघा, ठिपके, त्रिकोण, बाण. हे वर्गीकरण शिकविण्यास सोपे, पण फारसे कामाचे नाही. माझ्या मते खरा भेद जागेचा आहे, आणि तो दाखविण्यास मराठीत एक फार चांगला शब्द आहे : ‘माया’. शिवणीच्या रेघेपलीकडे कडेपर्यंत जे कापड सोडतात, जे शिवल्यावर आत दडते आणि पुढेमागे अंग भरले तर उसवून सैल करण्याच्या कामी येते, त्याला शिवणारे लोक माया म्हणतात. ‘ब्लाउजला थोडी माया ठेवा’ हे वाक्य शिंप्याच्या दुकानात कोणीही ऐकले असेल. वेदान्तातील मायेशी आणि आईच्या मायेशी या शब्दाचे नाते काय, हा प्रश्न मोह पाडणारा आहे खरा. तो येथे सोडून देतो. आपल्यापुरते महत्त्वाचे इतकेच की, काही खुणा मायेत पडतात आणि काही मायेबाहेर, म्हणजे कपड्याच्या अंगावर पडतात. मायेतील खूण कायमची राहिली तरी बिघडत नाही, कारण ती कोणाला दिसणार नाही. तेथे कात्रीने कापही देता येतो. अंगावरील खूण मात्र काम होताच नाहीशी झाली पाहिजे. कोणती रीत वापरावी याचा निर्णय खुणेच्या आकारावरून न करता या एका प्रश्नावरून करावा : ही खूण मायेत आहे की अंगावर?

मायेविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण तीत आपल्याकडील आणि पाश्चात्त्य रीतीतील भेद स्पष्ट होतो. अमेरिकन छापील नमुन्यांत माया सर्वत्र सारखी, बहुधा पाच अष्टमांश इंच म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर, धरलेली असते. कड कापली की शिवण आपोआप ठरते. यंत्राच्या पट्टीवरील दीड सेंटिमीटरच्या रेघेला कड लावून शिवत गेले म्हणजे झाले. शिवणीची रेघ कापडावर उतरविण्याची तेथे गरजच पडत नाही. आपल्या शिंप्याची माया सर्वत्र सारखी नसते. गळ्याला ती पाव इंच असते, खांद्याला अर्धा इंच, आणि बगलेखालच्या उभ्या शिवणीला एक इंच किंवा त्याहून अधिक. कारण कपडा पुढे सैल करावा लागेल हे गृहीतच धरलेले असते. कापण्याची रेघ आणि शिवण्याची रेघ या एकमेकींना समांतर राहत नाहीत, आणि म्हणून शिवणीची रेघ कापडावर दिसलीच पाहिजे. परदेशी पुस्तक वाचून शिकलेली मुलगी ही रेघ उतरवीत नाही आणि मग बगलेत कपडा का तटतो हे तिला उमगत नाही. येथे दोष हाताचा नाही. एका परंपरेतील सूचना दुसऱ्या परंपरेच्या कपड्याला लावल्याचा तो परिणाम आहे.

आता मायेतील खुणांपैकी सर्वांत महत्त्वाची जी कातर, तिच्याकडे वळू. मुंढ्याच्या कडेला पुढच्या भागावर एक आणि मागच्या भागावर दोन कातरी, आणि बाहीच्या कडेला त्यांच्याशी जुळणाऱ्या तितक्याच कातरी, असा छापील नमुन्यांतील संकेत आहे. बाहीची पुढची बाजू मागच्या बाजूहून अधिक खोल कापलेली असते. परंतु कापलेला तुकडा हातात घेतल्यावर हा फरक डोळ्याला चटकन दिसत नाही. पुढची बाजू मागे लागली तर हात पुढे नेताना कपडा ओढतो. कातर हा फरक बोलून दाखविते. येथे सोस्यूर यांचे स्मरण होते. त्यांच्या मरणोत्तर, १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषिक चिन्हाला मूल्य येते ते इतर चिन्हांशी असलेल्या संबंधामुळे, असा सिद्धान्त मांडलेला आहे. कातर हे त्याचे इतके सरळ उदाहरण आहे की, वर्गात ते द्यावयास हरकत नाही. एकटी कातर काहीच सांगत नाही. दुसऱ्या तुकड्यावर तिची जोडीदारीण असेल तरच तिला अर्थ आहे, आणि ‘एक’ या खुणेचा अर्थ ‘दोन नव्हे’ इतकाच आहे.

कातर देताना ती मायेच्या निम्म्याहून खोल जाऊ देऊ नये; एक अष्टमांश इंच पुरे होते. गळ्यासारख्या ठिकाणी, जेथे मायाच पाव इंच, तेथे तितकीही धोक्याची ठरते. सैल विणीच्या किंवा लवकर उसवणाऱ्या कापडाला कातर देऊच नये; तेथे कडेला बाहेरच्या बाजूस लहान त्रिकोण राखून कापावे, किंवा दोऱ्याचा एक टाका घालावा. फुग्याच्या बाहीला दोन कातरींच्या दरम्यानच चुण्या घ्यावयाच्या असतात. त्या कातरी राहून गेल्या तर चुण्या बगलेपर्यंत पसरतात आणि फुगा खांद्यावर न बसता बाजूला कलतो.

सरळ बाण ही नमुन्यावरील खूण सर्वांहून वेगळी आहे. ती उतरवावयाची नसते, जुळवावयाची असते. बाण कापडाच्या ताण्याशी, म्हणजे उभ्या धाग्याशी, समांतर यावा लागतो. बाणाच्या दोन्ही टोकांपासून किनारीपर्यंतचे अंतर मोजावे. ते सारखे भरले म्हणजे कागद सरळ बसला. उरेब कापावयाचा तुकडा असेल तर हाच बाण किनारीशी पंचेचाळीस अंशांचा कोन करतो. ‘उरेब’ हा फारसीतून आलेला शब्द शिवणकामात पक्का रुजलेला आहे. त्याच्या जागी ‘तिरका’ म्हणून चालत नाही, कारण तिरके अनेक प्रकारचे असते आणि उरेब एकच. कागद उचलला की बाणाचे काम संपते. त्याचा ठसा कापडावर राहत नाही, पण त्याचा परिणाम कपडा अंगावर कसा पडतो यात कायम राहतो.

मायेबाहेरच्या खुणांचे प्रकरण याहून नाजूक आहे. टक्सचे टोक, खिशाची जागा, काज आणि बटण, चुण्यांच्या दुमडी या खुणा कपड्याच्या अंगावर येतात. त्यांच्यासाठी सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत प्रचलित साधन म्हणजे शिंप्याचा खडू. मातीचा खडू झटकला की जातो. मेणाचा खडू रेघ सुबक देतो, परंतु त्यावर इस्त्री फिरली तर मेण वितळून रेशमावर तेलकट डाग पडतो. गडद कापडावर साबणाच्या झिजलेल्या वडीची पातळ चीप याहून चांगली. रेघ पांढरी व बारीक येते आणि धुताना साबण विरघळून जातो. घरोघर वापरले जाणारे हे साधन पुस्तकांत क्वचितच नोंदलेले आढळते. खडू असो वा साबण, त्याची कड चाकूने तासून धारदार ठेवावी. याचे कारण केवळ नीटनेटकेपणाचे नाही. बोथट खडूची रेघ सहज दोन मिलिमीटर रुंद होते. शिवण तिच्या आतल्या कडेवरून घेतली की बाहेरच्या, हे ठरविलेले नसेल तर प्रत्येक कडेला दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. ज्या कपड्याला चार उभ्या शिवणी आहेत त्याला शिवणीच्या आठ कडा आल्या. आठ दुणे सोळा मिलिमीटर, म्हणजे पाच अष्टमांश इंचाच्या आतबाहेर. एवढ्या फरकाने ब्लाउजचे हूक लागेनासे होतात.

पोथ्यांच्या नकला तपासणाऱ्या अभ्यासकास हा प्रकार ओळखीचा वाटेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या संपादनामागील एक मूलभूत विचार असा की, प्रत्येक नक्कल आपल्या पदरच्या काही चुका घालते आणि मागच्या चुका पुढे नेते. नमुन्याचेही तसेच आहे. शेजारणीकडून आणलेल्या कागदाभोवती पेन्सिल फिरवून नवा कागद कापला की, तो पेन्सिलीच्या जाडीइतका मोठा होतो. त्यावरून तिसरा कापला की आणखी मोठा. मूळ मापाचा नमुना पुठ्ठ्यावर चिकटवून जपावा आणि नकला त्यावरूनच घ्याव्यात, नकलेची नक्कल घेऊ नये, असा जाणत्या शिंप्यांचा कटाक्ष असतो तो याचसाठी. मराठीत ‘उतरविणे’ हे क्रियापद दोन्हीकडे चालते. पोथी उतरवून घेतात, नकाशा उतरवितात, नक्षी उतरवितात. ग्रंथातून घेतलेल्या मजकुराला ‘उतारा’ म्हणतात. म्हणून नमुन्यावरील खुणा कापडावर नेण्याच्या क्रियेला ‘खुणा उतरविणे’ म्हणावे, असे मी सुचवितो. ‘स्थानांतरण’ किंवा ‘अंतरण’ असले शब्द बनविता येतील. पण त्यांतून सरकारी नोकराच्या बदलीचा वास येतो.

ट्रेसिंग व्हील हे दातेरी चाक आणि रंगीत कार्बन कागद यांनी शिवणीची रेघ आणि टक्सच्या बाजू दोन्ही थरांवर एकदम उतरविता येतात. कापडाच्या सुलट बाजू एकमेकींकडे, उलट बाजू बाहेर, आणि प्रत्येक उलट बाजूला कार्बनची रंगाची बाजू टेकलेली, अशी मांडणी करावी. रंग उलट बाजूलाच आला पाहिजे, आणि चाक एकदाच पण दाबून फिरवावे. टंकलेखनाचा काळानिळा कार्बन येथे कधीही वापरू नये. तो धुऊन जात नाही. सुती कापडाला ही रीत उत्तम. साटिनला आणि पातळ रेशमाला मात्र दाते टोचून भोके पडतात, आणि ती नेहमीच बुजतात असे नाही.

अलीकडे बाजारात शाईच्या नाहीशा होणाऱ्या लेखण्या आल्या आहेत. निळी शाई पाण्याने जाते, जांभळी हवेत आपोआप विरते, आणि आणखी एक इस्त्रीच्या उष्णतेने अदृश्य होते. त्या सोयीच्या आहेत, पण प्रत्येकीची एक खोड आहे. पाण्याने जाणाऱ्या शाईवर चुकून इस्त्री फिरली तर ती पक्की बसू शकते. उष्णतेने गेलेली शाई कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटू शकते. हवेत विरणारी शाई दमट हवेत अधिक लवकर विरते. मनोरीसारख्या समुद्रकाठच्या गावी पावसाळ्यात सकाळी केलेली खूण संध्याकाळी शिवावयास बसेपर्यंत टिकेलच याचा भरवसा नाही. काहीही वापरावयाचे असो, आधी त्याच कापडाच्या कातरणीवर खूण करून, ती जाते की नाही हे पाहून, मगच पुढे जावे.

पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक घेतला म्हणजे हे सारे प्रश्न एका ठिकाणी येऊन उभे राहतात. कापड पांढरे साटिन. पांढऱ्या खडूची रेघ त्यावर दिसत नाही, रंगीत खडूचा रंग मागे राहण्याची भीती, चाकाने भोके, शाईवर भरवसा नाही. टाचणीचे भोकसुद्धा साटिनवर दिसते, म्हणून टाचण्याही मायेतच टोचाव्या लागतात. कापड पुष्कळदा मुंबईच्या बाजारातून खाडी ओलांडून आणलेले, नेमके मोजून घेतलेले. तुकडा बिघडला तर दुसरा लगेच मिळत नाही, आणि प्रसंगाचा दिवस तर ठरलेला. अशा वेळी एकच रीत निर्धोक आहे : दोऱ्याने खूण करणे. मऊ सुती दोरा दुहेरी घ्यावा, टोकाला गाठ मारू नये. पांढऱ्या कापडाला गडद दोरा घेतला तर त्याचे तंतू मागे राहतात, म्हणून फिका निळा किंवा फिका गुलाबी घ्यावा. कागदावरील ठिपक्यातून सुई कागद व दोन्ही थर यांतून खाली न्यावी, बारीक टाका घेऊन वर आणावी, दोऱ्याचा सैल फासा ठेवून पुन्हा त्याच जागी दुसरा टाका घ्यावा. मग फासा मधोमध कापून कागद अलगद उचलावा, कापडाचे दोन थर एकमेकांपासून बोटभर दूर करावेत आणि मधले दोरे कापावेत. प्रत्येक थरावर, नेमक्या एकाच जागी, दोऱ्याचे चार बारीक शेपटे उरतात. शिवून झाल्यावर ते चिमट्याने ओढले की मागे काही राहत नाही.

या टाक्याला इंग्रजीत शिंप्याचे नाव आहे. मराठी पुस्तके तेच ‘टेलर्स टॅक’ म्हणून उचलतात. मराठीत त्याच्या जवळचा शब्द ‘टाचणे’ हा आहे. तात्पुरते जोडणे, पुढे काढून टाकण्यासाठी शिवणे, हा त्याचा अर्थ. त्यावरून ‘टाचणी’, आणि त्यावरूनच ‘टाचण’. शिक्षक पाठाचे टाचण काढतो तेव्हा तोही तात्पुरतेच जोडत असतो. सोस्यूर यांचा उपरोक्त ग्रंथ विद्यार्थ्यांच्या टाचणांवरूनच सिद्ध झाला, हे येथे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. कापडावरील खुणेची आणखी एक आठवण भाषेने जपली आहे : ‘खूणगाठ’. पदराला किंवा उपरण्याला गाठ मारून गोष्ट लक्षात ठेवण्याची ही रीत. उलट टोकाला परिटाची खूण आहे. परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर खूण करीत आणि ती चुन्याने पक्की करीत. कपडा फाटेपर्यंत ती जात नसे. परिटाची खूण कपडा कोणाचा हे सांगते, म्हणून ती टिकावी लागते. शिंप्याची खूण कपडा कसा व्हावयाचा हे सांगते, म्हणून तो झाला की तिने जावे लागते. दोघांनाही आपण ‘खूण’ हा एकच शब्द लावतो, आणि नवख्या माणसाचा घोटाळा पुष्कळदा येथेच होतो. तो शिंप्याची खूण परिटाच्या हाताने करतो.

परिभाषेचा प्रश्न केवळ नावाच्या गोडीचा नाही, हे ‘टक्स’ या शब्दावरून दिसेल. ब्लाउजला छातीखाली आणि बगलेत जी निमुळती, टोकाशी संपणारी दुमड घालतात तिला मराठी शिंपी ‘टक्स’ म्हणतो. हा इंग्रजी शब्द अनेकवचनी आहे, पण मराठीत तो एकवचनी झाला : ‘एक टक्स’, ‘दोन टक्स’. एवढ्याने काही अडले नसते. परंतु इंग्रजी नमुन्यात ‘टक’ म्हणजे सारख्या रुंदीची, समांतर शिवलेली दुमड. निमुळत्या दुमडीला ते ‘डार्ट’ म्हणतात. इंग्रजी पत्रक वाचणारी मराठी मुलगी ‘टक’ हा शब्द पाहून ओळखीचा म्हणून पुढे जाते आणि समांतर रेघांच्या जागी टोक काढते. अर्थ बदललेला उसना शब्द परक्या शब्दाहून अधिक फसवितो. तरीही ‘टक्स’ काढून टाकावा असे मी म्हणणार नाही. तो आता मराठी शब्द आहे. पुस्तकांनी त्याची व्याख्या मराठी अर्थाने द्यावी आणि इंग्रजी पत्रकातील ‘टक’ला ‘समांतर दुमड’ म्हणावे.

‘काज’ या शब्दाने आपला परकेपणा कधीच टाकून दिला आहे. कामकाजातले काज निराळे. बटणाचे काज पोर्तुगीज ‘काझा’वरून आले, ज्याचा अर्थ घर. मूळ शब्दातील दोन स्वरांमधला उष्म वर्ण पोर्तुगीजांच्या तोंडी घोष होता, आणि मराठीत दंततालव्य ‘ज’ आयताच तयार असल्यामुळे त्याला जागा शोधावी लागली नाही. अन्त्य स्वर गळाला, तसाच तो ‘फिता’ गळून ‘फीत’ होताना गळला. आशियाई भाषांतील अशा पोर्तुगीज शब्दांचा संग्रह सेबास्तियाँव रोदोल्फो दलगादो यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. तो चाळताना शिवणकाम, स्वयंपाक आणि देऊळ या तीन ठिकाणी शब्दांची गर्दी दिसते. वसई आणि साष्टीच्या किनाऱ्याला हे शब्द पुस्तकांवाटे मुळीच आले नाहीत. काजाची खूणही उतरवितानाच नीट पारखावी लागते. काज आडवे असेल तर बटण त्याच्या मधोमध राहत नाही, ते बाहेरच्या टोकाकडे ओढले जाते. म्हणून काजाची रेघ बटणाच्या मध्यरेघेपासून थोडी पुढे, सुमारे एक अष्टमांश इंच, सुरू करावी. काज उभे असेल तर ते मध्यरेघेवरच घ्यावे.

मापाच्या बाबतीतही दोन रीती एकत्र आल्या आहेत. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. कापड मीटरने विकले जाते, परंतु शिंप्याची फीत आजही इंचांनीच वाचली जाते. ‘बुर्डा’चा नमुना सेंटिमीटरांत असतो. कागदावर दीड सेंटिमीटर लिहिलेले पाहून डोळ्याने अर्धा इंच धरणे ही नित्याची गोष्ट, आणि अर्धा इंच म्हणजे सव्वा सेंटिमीटरहून किंचित अधिक. एका शिवणीच्या दोन्ही कडा धरल्या तर जवळजवळ अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला. फितीच्या ज्या बाजूने माप घेतले त्याच बाजूने खूण करावी, हा नियम शिकवणीच्या पहिल्या दिवशीच सांगावयास हवा.

राहिला प्रश्न दोऱ्याच्या त्या टाक्याच्या नावाचा. ‘कच्चा टाका’ म्हणावे तर तो दोन तुकडे तात्पुरते जोडणाऱ्या धावदोऱ्यासाठी वापरात आहे. येथे तर टाका दोन थरांना मुळीच जोडून ठेवीत नाही, मधून कापला जाणे हेच त्याचे काम आहे. ‘खूणटाका’ हा शब्द मला योग्य वाटतो. तो उच्चारास सोपा आहे, त्याचा अर्थ ऐकताच कळतो, ‘खूणगाठ’ या शब्दाच्या घडणीवर तो बेतलेला आहे, आणि ‘खूणटाके घाल’, ‘खूणटाके ओढून काढ’ अशी आज्ञा शिवण शिकविणारी बाई मध्येच न अडखळता देऊ शकेल.